तिसरी लढत की चारशेवी? हौशी रिंगमधून पट्ट्यापर्यंतचा रस्ता

प्रश्न विचारणारा मुलगा बावीस वर्षांचा हौशी बॉक्सर आहे, ६३ किलोच्या आसपास खेळतो. राज्य स्पर्धेत दोन पदकं आहेत, राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता. तो लिहितो: "सर, लोमाचेन्को तिसऱ्याच प्रो लढतीत वर्ल्ड चॅम्पियन झाला. मग बाकीच्यांना दहा-दहा वर्षं का लागतात? माझ्या ४१ हौशी लढती झाल्यात. मी आता प्रो व्हावं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. आधी पहिला घेऊ, कारण त्यातला आकडाच तू चुकीचा मोजलायस.

युक्रेनचा बॉक्सर वासिल लोमाचेन्को, त्याचं हौशी रेकॉर्ड ३९६ विजय आणि १ पराभव असं सांगितलं जातं. त्यात तीन प्रो, म्हणजे पैशासाठीच्या व्यावसायिक, लढती मिळव. बेरीज किती झाली? ज्या रात्री त्याच्या कमरेला जगज्जेतेपदाचा पट्टा बांधला गेला, ती त्याची तिसरी लढत नव्हतीच, चारशेवी होती. तिसरी होती फक्त ज्या वहीत पैशाच्या लढती लिहितात त्या वहीत. आपण नेमकी ती वही उघडतो आणि म्हणतो, वा, किती झटपट!

हा मुलगा ओडेसाजवळच्या बिल्होरोद-द्निस्त्रोव्स्की या लहान गावातला, जन्म १९८८चा. वडील अनातोली हेच प्रशिक्षक, अगदी शेवटपर्यंत. वडिलांनी त्याला लहानपणी काही वर्षं बॉक्सिंगपासून बाजूला काढून युक्रेनच्या लोकनृत्याच्या वर्गात घातलं, ही गोष्ट तू ऐकली असशीलच. आपल्याकडे तिची रील फिरते आणि पोरं दोरीच्या उड्या सोडून नाचायला लागतात. त्यातला मुद्दा नाचाचा नाही. मुद्दा असा, की पाय कुठं पडतोय हे बघावं न लागता तो पडला पाहिजे. लोमाचेन्को डावखुरा. समोरचा उजव्या हाताचा असेल तर दोघांचे पुढचे पाय एकमेकांना आडवे येतात. ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला, त्याला कोन मिळतो. एवढं आमच्या शेडमधल्या बारा वर्षांच्या पोरालाही तोंडपाठ असतं. पण ठोसा चालू असताना पाय बाहेर नेणं, तिथून वळून समोरच्याच्या खांद्यामागे जाणं आणि तो वळायच्या आत पुन्हा मारणं, हे शेकडो लढतींत घोटल्याशिवाय येत नाही.

आणि त्या लढती गल्लीतल्या नव्हत्या. २००७ला शिकागोच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत तो रशियाच्या अल्बर्ट सेलिमोव्हकडून हरला. त्या ३९७मधला तोच एक पराभव. पुढच्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला पहिल्याच लढतीत पुन्हा सेलिमोव्ह समोर आला. तो हिशेब चुकता करून लोमाचेन्कोने ५७ किलोचं सुवर्ण घेतलं आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम तंत्रासाठीचा व्हॅल बार्कर करंडकही. मग २००९ला मिलान, २०११ला बाकू, दोन्हीकडे जागतिक सुवर्ण. २०१२ला लंडनमध्ये ६० किलोत दुसरं ऑलिंपिक सुवर्ण. त्यानंतर वर्ल्ड सिरीज ऑफ बॉक्सिंगमध्ये सहा लढती, सहाही जिंकल्या. तिथं पाच राउंड असत आणि डोक्याला हेडगिअर नसे. म्हणजे प्रोच्या उंबरठ्यावरची तालीमसुद्धा झालेली.

एवढी तयारी करून आलेला माणूस दुसऱ्या प्रो लढतीत हरला. तू विचारलंस तिसऱ्या लढतीबद्दल. मी माझ्या पोरांना दुसरी दाखवतो.

पहिली लढत १२ ऑक्टोबर २०१३ला लास वेगासमध्ये झाली, होसे लुईस रामिरेझविरुद्ध. समोरचा नवखा नव्हता, पंचवीस विजय नावावर असलेला. चौथ्या राउंडमध्ये बरगडीखालच्या ठोशावर तो बसला तो उठलाच नाही. त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये मेक्सिकोच्या ओर्लांडो सालिडोने डब्ल्यूबीओचा (जागतिक पट्टे देणाऱ्या चार संघटनांपैकी एक) फेदरवेट पट्टा जिंकला. साडेचार महिन्यांनी, १ मार्च २०१४ला, टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओत हे दोघे समोरासमोर.

सालिडो कोण? पंधराव्या वर्षी पोटासाठी प्रो झालेला माणूस. ऑलिंपिक पदक नाही, काही नाही. तोवर डझनभर पराभव पचवलेले. तुझ्या-माझ्या भाषेत, अंगावर वळ घेऊन शहाणा झालेला. फेदरवेटची मर्यादा १२६ पौंड, म्हणजे ५७.१५ किलो. सालिडो वजनाला उभा राहिला तो १२८ पौंडांच्या वर. पट्टा तिथंच, काट्यावर गेला. पण लढत तर होणारच होती, आणि पट्टा आता फक्त लोमाचेन्कोच जिंकू शकणार होता. लोक म्हणाले, सालिडोचा पोपट झाला. मला तसं वाटत नाही. शेवटचे दोन पौंड काढताना माणूस अर्धा मरतो. त्याने ते काढलेच नाहीत, उलट रात्रभर खाल्लं-प्यायलं. लढतीच्या रात्री तो सुमारे १४७ पौंडांचा होता आणि लोमाचेन्को १३६च्या आसपास. पाच किलोचा फरक! आपल्याकडे पाच किलोच्या फरकाने शालेय स्पर्धेतसुद्धा जोड लावत नाहीत.

हे हौशी खेळात होत नाही, कारण तिथं ज्या दिवशी लढत त्याच दिवशी सकाळी वजन. रोज लढत, रोज काटा. प्रोमध्ये वजन आदल्या दिवशी. त्या मधल्या चोवीस-तीस तासांत कोण किती भरून येतो हा वेगळाच खेळ आहे आणि तो तुला कुणी शिकवलेला नाही.

मग लढत. सालिडो पहिल्या राउंडपासून अंगाला चिकटला. मांडीवर, कंबरेखाली, पट्ट्याखाली ठोसे. पंचांनी गुण कापले नाहीत. हौशीत पंच लगेच 'ब्रेक' म्हणतो आणि कंबरेखाली दोनदा लागलं तर ताकीद येते. त्या सवयीचा माणूस पंचाकडे बघत राहतो. लोमाचेन्कोला क्लिंच, म्हणजे समोरच्याला मिठीत धरून त्याचे हात अडवणं, नीट करता येत नव्हतं. तो धरायचा, पण समोरच्याचा एक हात मोकळा राहायचा आणि त्या मोकळ्या हाताने सालिडो त्याला कुटायचा. आणि लोमाचेन्को पहिले पाच-सहा राउंड नुसता बघत राहिला. बारा राउंडचं अंतर त्याने कधी कापलंच नव्हतं, म्हणून दम राखून ठेवत होता. बाराव्या राउंडमध्ये त्याने सालिडोला पोटावर असा झोडला की म्हातारा (तेहेतीस वर्षांचा, पण या धंद्यात म्हाताराच) दोरांना लटकत शेवटची घंटा शोधत होता. आणखी अर्धा मिनिट असता तर? नव्हता. राउंड जिंकणाऱ्याला दहा गुण, हरणाऱ्याला बहुधा नऊ, अशी बेरीज असते. दोन न्यायाधीशांनी लढत सालिडोला दिली, ११६-११२ आणि ११५-११३. तिसऱ्याने ११५-११३ लोमाचेन्कोला.

चारशे लढतींनी त्याला जे शिकवलं नव्हतं ते एका रात्रीत शिकवलं. क्लिंच, दम, घाण खेळ आणि राउंड आपल्या नावावर लिहून घेण्याची घाई. नंतरच्या मुलाखतींत रडारड नाही. २१ जून २०१४ला कॅलिफोर्नियात कार्सनला गॅरी रसेल ज्युनिअरशी त्याच रिकाम्या पट्ट्यासाठी लढत लागली. रसेल तोवर २४ लढतींत अपराजित, हाताचा वेग असा की जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) दिसायच्या आत लागलेला असतो. लोमाचेन्को यावेळी पहिल्या राउंडपासून पोटावर मारत राहिला. तुला वेळ असेल तर ही लढत आवाज बंद करून बघ, आणि फक्त पाय बघ. एका न्यायाधीशाने ११४-११४ बरोबरी दिली (कशाला कोण जाणे), दोघांनी ११६-११२. तिसऱ्या लढतीत जागतिक पट्टा. १९७५मध्ये थायलंडच्या सेनसाक मुआंगसुरिनने केलेल्या विक्रमाची बरोबरी झाली.

पुढचं थोडक्यात. सातव्या लढतीत दुसऱ्या वजनगटाचा पट्टा, २०१६ला न्यूयॉर्कमध्ये. बाराव्यात तिसऱ्या गटाचा, मे २०१८ला होर्हे लिनारेसविरुद्ध. त्यात सहाव्या राउंडला स्वतः ठोसा खाऊन खाली बसला, आणि दहाव्याला यकृतावर ठोसा घालून जिंकला तेव्हा तिन्ही न्यायाधीशांची मिळून चक्क बरोबरी चालू होती. मग २०२०ला तेओफिमो लोपेझकडून हरला. कारण तेच जुनं: अर्धी लढत नुसता अभ्यास. माझं मत विचारशील तर हौशी खेळाची ती एक खोड त्याच्या अंगातून कधीच पूर्ण गेली नाही. २०२४ला पर्थमध्ये पुन्हा पट्टा घेतला आणि २०२५मध्ये ग्लोव्हज टांगले.

आता 'बाकीच्यांना दहा वर्षं का लागतात' याचं उत्तर. ते समजायला तुला मातीतली कुस्ती आठवावी लागेल. गादीवरच्या अधिवेशनात ड्रॉ निघतो. चिठ्ठीत जो येईल त्याच्याशी खेळायचं. जत्रेच्या मैदानात तसं नसतं. तिथं जोड लावली जाते. कमिटी, वस्ताद, इनाम देणारा, सगळे बसून ठरवतात कुणाची कुस्ती कुणाशी, कितीवर, आणि शेवटची कुस्ती कुणाची. हौशी बॉक्सिंग म्हणजे अधिवेशन आणि प्रो बॉक्सिंग म्हणजे मैदान. हौशीत जिंकत गेलास तर अंतिम फेरी आपोआप येते. प्रोमध्ये काहीच आपोआप येत नाही. मॅचमेकर नावाचा माणूस जोड लावतो. पहिल्या चार-पाच जोडी अशा असतात की तू जिंकायचास. समोर येतो तो पोटापाण्यासाठी हरत फिरणारा बॉक्सर. त्याला हसू नकोस. तोच तुला क्लिंच, कोपर आणि वेळ काढणं शिकवतो. चार राउंड, मग सहा, मग आठ, मग दहा. जागतिक पट्ट्याची लढत बारा राउंडची.

पट्टेही एक नाही. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ, अशा चार संघटना. प्रत्येकीची स्वतंत्र क्रमवारी, प्रत्येकीचे खाली प्रादेशिक पट्टे: आशिया-पॅसिफिक, ओरिएंटल, इंटरनॅशनल वगैरे. हे छोटे पट्टे कशासाठी? ते जिंकले की क्रमवारीत नाव चढतं, पहिल्या पंधरात आलास तर विजेता तुला निवडू शकतो, आणि पहिला झालास तर त्याला तुझ्याशी लढावंच लागतं. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात वकील, टीव्हीवाले आणि 'जरा थांबा, तुम्हाला पैसे देतो' यात वर्षं जातात. प्रत्येक पट्ट्याच्या लढतीला संघटना फी घेते. प्रशिक्षकाचा साधारण दहा टक्के, मॅनेजरचा त्याहून बराच जास्त. तुझ्या हातात काय उरतं ते आधी कागदावर मांड.

लोमाचेन्कोला ही रांग का लावावी लागली नाही? दोन ऑलिंपिक सुवर्णं असल्यामुळे अमेरिकेतल्या मोठ्या प्रमोटरने त्याला अशा अटींवर घेतलं, की पट्ट्याची लढत लगेच. ती ताकद पदकाची. पदक दार उघडतं. आत गेल्यावर सालिडो बसलेला असतो.

त्याचा मित्र ओलेक्सांदर उसिक बघ. लंडन २०१२चं ९१ किलोचं सुवर्ण, प्रो पदार्पण त्याच २०१३मध्ये. त्याने घाई केली नाही. दहाव्या लढतीत क्रूझरवेटचा (हेवीवेटच्या खालचा गट) पहिला पट्टा, पोलंडमध्ये, पोलंडच्या ग्वोवात्स्कीकडून. मग हुक बर्लिनमध्ये, ब्रीडिस रिगामध्ये, गासिएव्ह मॉस्कोमध्ये. प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या प्रेक्षकांसमोर. १५ लढतींत चारही पट्टे. हौशी खेळाने त्याला काय दिलं असेल तर हेच: परक्या गावात, परक्या जेवणावर, शिट्ट्या वाजत असताना झोप लागणं. पुढे हेवीवेटमध्येही तो मे २०२४ला रियाधमध्ये टायसन फ्युरीला हरवून निर्विवाद विजेता झाला.

आणि आता आपल्या घरातलं उदाहरण, कारण तुझा रस्ता युक्रेनपेक्षा हरियाणातल्या भिवानीच्या, विजेंदरच्या गावाच्या, जवळून जातो. विजेंदर सिंगने बीजिंगला ७५ किलोत कांस्य घेतलं, पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य, २०१०ला आशियाई सुवर्ण. प्रो झाला कधी? ऑक्टोबर २०१५, मँचेस्टर. तीस पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी होते. पोरगा तयार होता, पण सात वर्षं उशिरा. जुलै २०१६ला दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये केरी होपला दहा राउंड खेळून हरवलं आणि डब्ल्यूबीओ आशिया-पॅसिफिक सुपर मिडलवेट पट्टा घेतला. सातव्या लढतीत. वाईट नाही, अजिबात वाईट नाही.

५ ऑगस्ट २०१७ची वरळीची लढत माझ्या दृष्टीने त्याची सगळ्यात खरी लढत. चीनचा झुल्पिकार मैमैतिअली तेवीस वर्षांचा, दांडगा, डावखुरा. गुण बघ: ९६-९३, ९५-९४, ९५-९४. एक राउंड इकडचा तिकडे झाला असता तर निकाल फिरला असता. शेवटच्या राउंड्समध्ये विजेंदर मागे सरकत होता, जॅबवर दिवस काढत होता, वय दिसत होतं. जिंकला तो हौशी काळातल्या डोक्याने, पायांनी नव्हे. दोन पट्टे हातात घेऊन त्याने सीमेवर शांतता हवी म्हणून एक परत द्यायची तयारी दाखवली. तेव्हा चीनशी डोकलामचा सीमावाद चालू होता. वर्तमानपत्रांनी तेवढंच छापलं, ते शेवटचे राउंड कुणी लिहिले नाहीत.

बारा लढती, बारा विजय. मग नोव्हेंबर २०१९नंतर सोळा महिने रिंगच नाही. आणि १९ मार्च २०२१ला पणजीत मांडवीवरच्या कॅसिनो जहाजाच्या डेकवर रशियाचा आर्तिश लोपसान, सहा फूट चार इंच. पाचव्या राउंडमध्ये पंचांनी लढत थांबवली. जागतिक पट्ट्याची लढत विजेंदरच्या वाट्याला आली नाही. गुण कमी होते म्हणून नव्हे. या देशात महिन्या-दोन महिन्यांनी रिंगमध्ये उतरवणारी व्यवस्था नव्हती आणि तो निघालाच उशिरा. निशांत देवने हे बघितलं असणार. पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत हरल्यावर त्याने पुढच्या ऑलिंपिकसाठी चार वर्षं थांबायचं नाकारलं. जानेवारी २०२५ला लास वेगासमध्ये पदार्पण, पहिल्याच राउंडमध्ये निकाल. तो कुठवर जातो ते बघू, पण वय आणि प्रमोटर दोन्ही वेळेवर आहेत.

आता माझं स्वतःचं एक पाप सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझा एक पोरगा, राज्य विजेता, तुझ्याच वजनाचा. एका प्रमोटरने सहा राउंडची लढत देऊ केली, परगावी, तीन आठवड्यांच्या नोटिशीवर. मला वाटलं, तीन राउंड दणदणीत खेळतो, सहा खेळेल. तीन राउंड त्याने खरोखर समोरच्याला फोडला. कारण तो ते तीन राउंड हौशीसारखेच खेळला, नऊ मिनिटांत सगळं ओतून. चौथ्याची घंटा झाली तेव्हा तो स्टुलावरून उठला आणि मला म्हणाला, "सर, पाय नाहीत." पाचव्यात मी टॉवेल टाकला, म्हणजे लढत सोडली. मानधन चार महिन्यांनी आलं, तेही अर्धं. करार मी वाचला नव्हता, पोराने तर नाहीच. दोष त्याचा नव्हता. मी त्याला कधी आठ राउंड स्पारिंग करवलंच नव्हतं, आणि पोटावर मारायला शिकवलं नव्हतं. जुन्या कॉम्प्युटर स्कोअरिंगच्या काळात पोटावरचा ठोसा बटणावर कुणी दाबायचं नाही, म्हणून आम्ही सगळेच डोक्याच्या मागे. २०१३पासून हौशीतही दहा गुणांची पद्धत आली, पण माझ्या वयाच्या प्रशिक्षकांचे हात अजून जुन्या बटणासाठीच पॅड धरतात.

तर तुझं. बावीस वय चांगलं आहे. ४१ लढती कमी आहेत, फार कमी नाहीत. राष्ट्रीय पातळीवर पदक नाही, म्हणजे तुझ्यासाठी कुणी मोठा प्रमोटर थांबलेला नाही. तुला चार राउंडपासून सुरुवात करावी लागेल, आणि पट्टा हा शब्द पाच-सहा वर्षं तोंडात आणायचा नाही. क्रीडा कोट्यातून नोकरी मिळायची शक्यता असेल तर आधी ती बघ. लागली तर प्रो खेळायला परवानगी लागते का, हे लेखी विचार, तोंडी नको. प्रो खेळलास तर हौशी स्पर्धांची पात्रता राहते का, हेही संघटनेकडून लेखी घे. मेंदूचा एमआरआय आणि डोळ्यांची तपासणी स्वतःच्या खर्चाने करून घे, परवान्यासाठी मागतील तेव्हा नव्हे, आत्ताच. घरच्यांना तो रिपोर्ट दाखव.

मला विचारशील तर अजून दोन राष्ट्रीय स्पर्धा खेळ. पदक मिळालं तर करार बदलतो. नाही मिळालं तरी बारा-पंधरा चांगल्या लढती अंगात मुरतात आणि चोवीसलाही तू तरुणच असशील.

मधल्या काळात एक काम दे मला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आठ राउंड स्पारिंग कर, तीन-तीन मिनिटांचे, दर दोन राउंडला ताजा पार्टनर, हेडगिअर घालून, १६ औंसाचे ग्लोव्हज. कुणाला तरी मोबाइल धरायला सांग. पहिले सहा राउंड मला नकोत. सातव्याचा व्हिडिओ पाठव, आणि त्यात पोटावर किती ठोसे मारलेस ते स्वतः मोजून खाली लिही.